तबकडीवरचा मारवा : उस्ताद अमीर खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकांचा विचार

संगीताविषयी मराठीत जे गंभीर लेखन झाले आहे, त्यातील बहुतेक सारे मैफल समोर ठेवून झालेले आहे. केशवराव भोळे असोत की वामनराव देशपांडे, गायक समोर बसला आहे, तंबोरे जुळले आहेत, आणि समीक्षक श्रोत्यांच्या पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसून ऐकतो आहे, हे त्या लेखनाचे गृहीतच होते. वामनरावांच्या ‘घरंदाज गायकी’ने १९६१ साली स्वर आणि लय ह्यांच्या तोलाची जी मोजपट्टी आपल्या हाती दिली, तीही मैफलीतील गायनासाठीच दिली. ती मोजपट्टी खोटी आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ज्या गायकाचे देहावसान होऊन अर्धशतक उलटले, त्याच्याविषयी आज लिहिणारा लेखक वस्तुतः कशाविषयी लिहीत असतो? उस्ताद अमीर खाँ १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यास मोटार-अपघातात गेले. आज त्यांचे नाव आदराने घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्यांना समोर बसून ऐकले आहे. बाकीच्यांचे अमीर खाँ म्हणजे ध्वनिमुद्रिकांतील अमीर खाँ. तेव्हा त्यांच्या गायकीची चर्चा ही, आपण कबूल करो वा न करो, ध्वनिमुद्रिकांची चर्चा असते. आणि ती तशी उघडपणे करावी, असे आमचे मत आहे.

पश्चिमेकडे हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. तेथे रचनाकार आपली कृती कागदावर लिहून पुरी करतो. फिनलंडच्या सिबेलियसने १९२४ पर्यंत आपल्या सात सिंफनी लिहून संपविल्या, आणि पुढे १९५७ पर्यंत तो जगला. त्या सिंफनी रॉबर्ट कायानुस याने १९३०च्या सुमारास तबकड्यांवर घेण्यास आरंभ केला, आणि त्यानंतर कितीतरी वाद्यवृंद-संचालकांनी त्याच कृती पुन्हा पुन्हा मुद्रित केल्या. तेथील रसिक दोन तबकड्या शेजारी ठेवून ऐकतो आणि म्हणतो, ह्याने हा भाग घाईने नेला, त्याने तुताऱ्यांना जास्त मोकळे सोडले. आपल्याकडील पोथ्यांचे संपादक जसे पाठभेद लावतात, तसेच हे काम आहे. मूळ संहिता एक, पाठ अनेक. आपल्या ख्यालाचे मात्र तसे नाही. बंदिशीचे चार शब्द आणि रागाचे नियम एवढेच आधीचे; बाकीची सारी कृती गाताना घडते आणि गाऊन झाली की विरते. म्हणून ख्यालाची ध्वनिमुद्रिका ही कुठल्या तरी मूळ कृतीचा एक पाठ नव्हे. तीच कृती आणि तीच तिची एकुलती एक प्रत. हे ध्यानी घेतले म्हणजे तबकडीकडे ‘मैफलीची फिकी नक्कल’ म्हणून पाहण्याची आपली जुनी खोड किती अपुरी आहे, हे कळून येते.

अमीर खाँ हे इंदूरचे. त्यांचे वडील शाहमीर खाँ हे भेंडीबाजार परंपरेतील. सारंगी आणि बीन वाजविणारे, होळकर दरबारचे सेवक. मुलाची पहिली तालीम सारंगीची झाली; पुढे वडिलांनी त्याला गळ्याकडे वळविले आणि मेरुखंडाचे पाठ घोटून घेतले. ज्या काळी इंदूर-देवासच्या टापूत रजब अली खाँ यांच्या तानेचा दबदबा होता, त्या काळी हा मुलगा वाढला. मुंबई, रायगड संस्थान, दिल्ली, कलकत्ता असा प्रवास करून तो मोठा झाला, आणि ‘इंदूर घराणे’ हे नाव, जे त्यापूर्वी कोणी घेत नव्हते, ते त्याच्या गायनामुळे रूढ झाले. विलंबिताचा ठेहराव किराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांजकडून, तानेचा पेच रजब अलींकडून, स्वरांची प्रस्तारबुद्धी भेंडीबाजारच्या अमान अलींकडून, अशी त्यांच्या गायकीची वंशावळ जाणकार सांगतात. ती ढोबळमानाने बरोबरही आहे. पण ह्या तिघांपैकी एकाचीही ध्वनिमुद्रिका लावून पाहिली तर अमीर खाँ तेथे सापडत नाहीत. उसने घेतलेले सारे पचवून तो माणूस निराळाच उभा राहिला.

इंदूरच्या मराठी समाजाशी त्यांचे नाते काहीसे तिरकस होते, असे आम्हांस वाटते. आमच्या घराघरांतून नाट्यसंगीत होते, भावगीत होते, कीर्तन होते. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या होत्या. पुढे १९४८ साली कुमार गंधर्व देवासला आले, आणि आमच्या समाजाचे कान त्यांच्याकडे वळले, ते स्वाभाविकच होते. अमीर खाँ मात्र ‘इंदूरचे’ म्हणून अभिमानाने सांगण्याचे आणि घरी क्वचित लावण्याचे गवई राहिले. बडा गणपतीच्या परिसरात आम्ही काही शिक्षक मंडळी महिन्यातून एकदा जमून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतो. तेथे हा अनुभव आम्हांस वारंवार आला आहे. खाँसाहेबांचे नाव निघाले की सर्वांचे चेहरे गंभीर होतात, तबकडी सुरू होऊन पाच मिनिटे झाली की कोणीतरी हळूच म्हणतो, “थोर आहे, पण फार संथ आहे हो.” ह्या ‘पण’चा विचार केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

विचारासाठी १९६० सालची मारवा आणि दरबारीची लाँग-प्ले तबकडी घ्यावी. एका अंगास मारवा, दुसऱ्या अंगास दरबारी. मारव्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य; आणि रागाचे सारे वजन रिषभ-धैवतांवर. हेच सूर पुरियात आहेत, सोहनीतही आहेत; पण पुरिया गंधार-निषादांशी घर करतो, सोहनी वरच्या सप्तकात चमकते, आणि मारवा षड्जाला टाळत राहतो. हे टाळणे हाच मारव्याचा प्राण. तंबोऱ्यातून षड्ज अखंड वाहतो आहे, श्रोत्याचा कान त्याकडे ओढ घेतो आहे, आणि गायक मात्र निषादावरून, धैवतावरून, कोमल रिषभावरून फिरत त्याला चुकवीत आहे. अनेक गवई मारवा गाताना हे टाळणे युक्तीसारखे वापरतात. दोन-तीन आवर्तने चुकवितात आणि मग दणक्यात षड्जावर येऊन दाद घेतात. अमीर खाँ तसे करीत नाहीत. मंद्रात, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा, धैवत लावला जातो. तेथून निषाद, तेथून रिषभ. आणि रिषभावर आवाज असा थांबतो की हा सूर उतरणार आहे की चढणार, हे त्याने अद्याप ठरविलेच नाही असे वाटावे. षड्ज येतो तेव्हा तो विजयाने येत नाही. दमून उंबऱ्यावर बसलेल्या माणसासारखा येतो, आणि क्षणात उठून पुन्हा चालू लागतो. सूर्यास्ताच्या वेळेची अस्वस्थता ह्या रागात आहे असे पुस्तकांतून आपण वाचतो. ती येथे वर्णनाने येत नाही, रागाच्या व्याकरणातूनच येते, आणि व्याकरणाचेच रसात रूपांतर होताना ऐकणे हा दुर्मिळ लाभ आहे.

आता त्या ‘संथ’पणाकडे वळू. खाँसाहेबांचा आवडता ताल झूमरा. मात्रा चौदा, विभाग तीन-चार-तीन-चार. तो ते इतक्या अतिविलंबितात ठेवीत की एका आवर्तनास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ सहज लागतो. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात अशी पाच-सहा आवर्तने जेमतेम बसली असती. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या साडेतीन मिनिटांतही राग उभा केला, हे खरे. पण त्यांनी तो त्या मापाला साजेसा, अत्तराच्या कुपीसारखा केला. अमीर खाँ यांनीही १९३४ नंतर मुंबईत असताना काही लहान तबकड्या दिल्या होत्या. त्यांची पुढची गायकी त्या मापात मावणे शक्यच नव्हते. १९४८ साली अमेरिकेत लाँग-प्ले तबकडी निघाली आणि पुढे ती आपल्याकडे आली, तेव्हा एका अंगावर वीस मिनिटांच्या आसपास अवकाश मिळू लागला. आमचे म्हणणे असे की हा अवकाश अमीर खाँ यांच्या गायकीला जितका मानवला तितका त्या पिढीतील क्वचितच कोणाला मानवला असेल.

हे विधान काहींना उलटे वाटेल. मैफलीत जो गवई तासभर एक राग गात असे, त्याला वीस मिनिटे अपुरीच नव्हेत काय? अपुरी खरीच. पण ह्या अपुरेपणाने एक निवड घडविली. खाँसाहेबांची बढत ही मुळातच काटकसरीची. एक स्वर घेतला की त्याच्या आसपास किती वाटा आहेत हे त्यांना मेरुखंडाने शिकविले होते. तीन स्वरांचे सहा क्रम होतात, चारांचे चोवीस, सातांचे पाच हजार चाळीस. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त ह्या प्रस्ताराचे गणित मांडून ठेवले आहे. हे गणित घोकणारा सामान्य गायक सारेच्या सारे क्रम आपल्याला येतात हे दाखविण्यासाठी गातो, आणि श्रोत्यास पाढे ऐकल्यासारखे होते. अमीर खाँ ह्यांच्या ठायी ह्या गणिताचा उपयोग अगदी उलट झाला. चोवीस वाटा ठाऊक असलेला माणूस ज्या तीन वाटांनी जातो, त्या वाटा अपघाताच्या नसतात. वीस मिनिटांच्या मर्यादेत ही निवड आणखी कठोर झाली. मारव्याच्या त्या बाजूत ‘भरीसाठी’ घेतलेली जागा आम्हांस वारंवार ऐकूनही सापडली नाही. सरगम येते तीही चमत्कृती म्हणून येत नाही. आलापात जे अस्फुट राहिले ते जणू नाव घेऊन सांगितले जाते. तान येते ती त्या सरगमेतूनच फुटते. आणि तबला? ठेका साधा, स्वच्छ, मागे राहणारा. हार्मोनियम आवाजाच्या सावलीतून चालते. साथीची ही विनम्रता खाँसाहेबांनी मागून घेतलेली होती, आणि ध्वनिमुद्रणात ती फारच शोभते. कारण मैफलीतील दाद, खोकला, हालचाल तेथे नाही, उरते ती स्वर आणि शांतता यांची आळीपाळी. संथ वाटते ते ह्या शांततेमुळे. मात्र ही शांतता रिकामी नाही. मागचा स्वर अजून कानात आहे आणि पुढचा यावयाचा आहे, ह्या दोहोंमधील ताण श्रोत्यानेच धरून ठेवावयाचा असतो. आमच्या मंडळींपैकी ज्यांना ती संथ वाटली, त्यांना पुढल्या खेपेस आम्ही हाताने मात्रा मोजू नका एवढेच सांगितले. त्याचा उपयोग झाला.

दरबारीच्या अंगाविषयी थोडक्यात सांगून पुढे जाऊ. आंदोलित गंधार हा दरबारीचा कस. त्या आंदोलनाची गती किंचित वाढली की कानडा अडाण्याकडे झुकू लागतो, किंचित ढिलावली की सूर खाली पडतो. येथे तो जसा आहे तसा फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो. अब्दुल वहीद खाँ यांच्या दरबारीचे जे मोजके मुद्रण उरले आहे, ते ह्याच्या शेजारी ठेवून ऐकण्याजोगे आहे. ऋण कोठवर आणि स्वत्व कोठून, हे त्यावरून स्पष्ट होते. वहीद खाँ एका स्वरातच राहून त्याला उलटसुलट पाहतात. अमीर खाँ स्वराच्या कडेने पुढच्या स्वराचा अंधार दाखवितात.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ह्या गायकीविषयी एक तक्रार करण्याचा हक्क आहे, आणि ती आम्ही करणार आहोत. खाँसाहेब बंदिशीच्या शब्दांना पुरेसा न्याय देत नाहीत. विलंबित ख्यालात ते अनेकदा अंतरा गातच नाहीत. स्थायीचे शब्दही स्वराच्या ओघात विरघळून जातात. आग्र्याचा गवई शब्द फोडतो, त्याच्या बोलांशी लय खेळते. ग्वाल्हेरचा गवई बंदिश आधी नीट मांडून मग तिला हात लावतो. येथे शब्द हा केवळ स्वर टेकविण्याचा खुंटा होतो. ज्यांची संगीताची आवड नाट्यपदांवर पोसली, त्या आमच्या मराठी श्रोत्यांना खाँसाहेब दूरचे वाटण्याचे खरे कारण हे असावे. संथपणा हे वरवरचे. ह्यावर त्यांचे चाहते म्हणतात की शुद्ध स्वराला शब्दाचे ओझे नको. आम्हांस हा युक्तिवाद पटत नाही. तो खुद्द खाँसाहेबांच्याच वागण्याशी जुळत नाही. ज्या तराण्याला सारे जग निरर्थक अक्षरांचा खेळ समजत आले, त्या तराण्याच्या अक्षरांत अर्थ आहे, ते फारसीतील सूफी आशयाचे शब्द आहेत, असे ते आग्रहाने मांडीत. आणि तराण्यात फारसी रुबाई गुंफून गात. सर्व विद्वानांस ती उपपत्ती मान्य नाही. परंतु जो गायक तराण्यातही अर्थ शोधतो तो शब्दाला ओझे मानीत होता असे कसे म्हणावे? तेव्हा ख्यालातील शब्दांविषयीची त्यांची उदासीनता हा सिद्धान्त नसून स्वभाव होता, असेच आम्ही म्हणू. मोठ्या कलावंताच्या मर्यादेला तत्त्वज्ञानाचा शेला पांघरण्याची काही आवश्यकता नाही.

ह्या संदर्भात त्यांची चित्रपटांतील मुद्रणे उपयोगी पडतात, आणि ती ‘हलकी’ म्हणून बाजूस टाकणे आम्हांस मान्य नाही. १९५२ च्या ‘बैजू बावरा’त नौशाद यांनी त्यांना दत्तात्रेय विष्णु पलुस्करांसमवेत देसी रागात गावयास लावले, तानसेनाचा आवाज अमीर खाँ यांचा, बैजूचा पलुस्करांचा. कथेच्या मागणीने तानसेनाला हरावे लागले, आणि विलंबिताच्या ह्या राजाला तानेच्या झटापटीत उतरावे लागले. त्याहून अभ्यासण्याजोगे आहे ते १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत. संगीतकार वसंत देसाई. प्रभात कंपनीत तयार झालेले, मोठ्या वाद्यवृंदाची आणि समूहस्वराची विलक्षण समज असलेले. राग अडाणा, लय द्रुत, घुंगरू, वाद्ये, वृंदगान, आणि त्यांच्या मधोमध हा गंभीर आवाज. येथे संहिता आहे. वाद्यवृंदाने कोठे उसळावयाचे, कोठे थांबावयाचे, हे देसाईंनी आधीच ठरविलेले आहे, आणि त्या आखीव अवकाशात गायकाला आपली जागा शोधावयाची आहे. अशा बंदिस्त रचनेत खाँसाहेब गुदमरतील असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तेथे त्यांचे शब्दोच्चार स्पष्ट आहेत, आघात नेमके आहेत, आणि तान सुटते ती वाद्यांच्या गर्दीतून वाट काढीत, पण गर्दीला न घाबरता सुटते. म्हणजे शब्द स्वच्छ म्हणता येत नव्हते असे नव्हे. ख्यालात त्यांना ते म्हणावयाचेच नव्हते. देसाईंचेही श्रेय येथे मोठे आहे. शास्त्रोक्त गायकाला वाद्यवृंदात घेताना बहुतेक संगीतकार एकतर वाद्ये पार गप्प करतात, नाहीतर गायकाला त्यांच्यातलेच एक वाद्य करून टाकतात. देसाईंनी दोघांत चुरस ठेवली. पुढे १९५९ च्या ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईशी ह्याच आवाजाची जोड घालून त्यांनी तो प्रयोग आणखी एका अंगाने केला. भारतीय वाद्यवृंदाचा इतिहास लिहिणाऱ्याने चित्रपटाच्या ह्या दालनात डोकावलेच पाहिजे.

आता शिक्षक म्हणून आम्हांस भेडसावणारी गोष्ट. तबकडी ही एकुलती एक प्रत आहे, असे आम्ही वर म्हटले. एकुलत्या एक प्रतीचा धोका असा की ती प्रमाण होऊन बसते. मारवा म्हणजे १९६० ची ती वीस मिनिटे, अशी समजूत घेऊन आलेले विद्यार्थी आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना त्यातील जागा क्रमाने पाठ असतात. रिषभावरचा तो विराम ते तितकाच लांब घेतात. आवाजसुद्धा मुद्दाम खाली दाबून खर्जाचा करतात. हे पाहून हसू येत नाही, वाईट वाटते. ज्या माणसाने चोवीसांतून तीन निवडले, त्याच्या तीनांची नक्कल करणाऱ्याला उरलेले एकवीस ठाऊकच नसतात. मग त्याच्या तीनांना निवड तरी कसे म्हणावे? पूर्वी गुरू रागाचे चलन रोज थोडे वेगळे करून सांगे, म्हणून शिष्याला कळे की हे सारे असेही असू शकते. यंत्र रोज तेच सांगते. आणि आता तर त्या तबकडीचे तुकडे हातातल्या फोनवर मिळतात. मंद्रातील आरंभ वगळून कोणी थेट द्रुतापाशी उडी मारतो. वीस मिनिटांचा जो अवकाश खाँसाहेबांना इतक्या उशिरा लाभला, तो आम्ही पुन्हा तीन मिनिटांचा करून ठेवीत आहो.

ह्यावर उपाय ऐकणे कमी करण्यात नाही, अधिक ऐकण्यात आहे. खाँसाहेबांच्या निधनानंतर त्यांच्या मैफलींची आणि आकाशवाणीवरील गायनाची अनेक मुद्रणे रसिकांच्या हाती आली आहेत. त्यांत एकाच रागाचे दोन-दोन, तीन-तीन आविष्कार मिळतात. ते शेजारी ठेवावेत. मग आपल्याकडेही पाठभेदाचा अभ्यास शक्य होतो, मात्र पश्चिमेकडल्यापेक्षा निराळ्या जातीचा. तेथे एका संहितेचे अनेक वादक, येथे एका गायकाच्या अनेक संध्याकाळी. कोणती जागा प्रत्येक वेळी येते आणि कोणती एकदाच आली, हे विद्यार्थ्याने वहीत टिपावे. जी प्रत्येक वेळी येते ती रागाची किंवा घराण्याची. जी एकदाच आली ती त्या दिवसाची. आमच्या महाविद्यालयांतून संगीताच्या प्रात्यक्षिकाला जे गुण असतात, त्यांतील थोडे गुण अशा ऐकण्याला द्यावेत, अशी सूचना आम्ही ह्या पृष्ठांवरून करू इच्छितो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला आपण कवितेची दोन हस्तलिखिते ताडून पाहावयास लावतोच की.

आरंभ कोठून करावा असे कोणी विचारल्यास आम्ही मारव्याचे नाव घेणार नाही. मेघापासून करावा. त्यांची मेघ आणि ललितची तबकडी मारव्यानंतरची. ललित अवघड आहे. दोन मध्यम लागोपाठ, पंचम नाही, आणि पहाटेची ती धूसर वेळ. त्याला कान आधी तयार लागतो. मेघात मात्र पाचच स्वर, गंधार-धैवत वर्ज्य, आणि मध्यमाचा स्पर्श घेऊन डोलणारा तो रिषभ. ज्येष्ठ सरता सरता आमच्या माळव्याच्या काळ्या मातीवर पहिले ढग येतात ते गडगडत येत नाहीत. बराच वेळ नुसते जमत राहतात. विलंबिताच्या पहिल्या आवर्तनांत खाँसाहेब तेच करतात. पुढे तराणा सुरू होतो आणि लय वाढते, तेव्हा आमच्या त्या बैठकीत जे गृहस्थ “संथ आहे” म्हणाले होते त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. संपल्यावर त्यांनी विचारले, ह्यांचे आणखी काय काय आहे?